ऑस्ट्रेलियाची मतमोजणी घरबसल्या: आयोगाची ‘टॅली रूम’ आणि एबीसीचे निकालपान

भारतात बसून परदेशातील निवडणुकीचा निकाल थेट पाहायचा म्हटले की झोपेवर पाणी सोडावे लागते. ब्रिटनमधील मतदानकेंद्रे बंद होतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि अमेरिकेचे आकडे येऊ लागतात तेव्हा पहाट होत असते. ऑस्ट्रेलिया हा याला सुखद अपवाद आहे. तेथे मतदान शनिवारी होते, केंद्रे संध्याकाळी सहाला बंद होतात आणि ज्या कर्मचाऱ्यांनी दिवसभर मतदान घेतले त्यांच्याच हातून, त्याच केंद्रावर, लगेच मोजणी सुरू होते. गेल्या काही निवडणुका मे ते सप्टेंबर या महिन्यांत झाल्या आहेत आणि त्या काळात सिडनी-मेलबर्नमधील सहा म्हणजे आपले दुपारचे दीड, तर पर्थमधील सहा म्हणजे साडेतीन. शनिवारचे जेवण आटोपून बसावे आणि दिवेलागणीपर्यंत कॅनबेरात कोणाचे सरकार येणार हे कळावे, इतकी ही सोय आहे. बहुतेक वेळा ते कळतेही. २०१० मध्ये मात्र ते कळायला सतरा दिवस लागले आणि २०१६ मध्ये आठ.

हा निकाल पाहण्यासाठी दोन मोफत सेवा उपलब्ध आहेत आणि प्रस्तुत परीक्षण त्या दोन्हींचे आहे. पहिली म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या निवडणूक आयोगाचे ‘टॅली रूम’ हे संकेतस्थळ, आणि दुसरी म्हणजे एबीसी या तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेचे निकालपान व त्याच्या जोडीने चालणारा मतमोजणीचा कार्यक्रम. एकतर्फी निकालाच्या दिवशी कोणतीही सेवा चांगलीच वाटते, कारण तेव्हा ढोबळ आकडेसुद्धा खरे ठरतात. म्हणून या दोन्हींचे मोल मी अडलेल्या निकालांवरून केले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आयोगाची सेवा जे मोजले तेवढेच दाखवते आणि त्याचा अर्थ काय याबद्दल मौन पाळते. एबीसी अर्थ सांगते आणि जेथे तो सांगता येत नाही तेथे तसे स्पष्ट बोलते. यांपैकी एकच उघडून बसणाऱ्याची अडलेल्या निकालाच्या दिवशी फसगत होण्याची शक्यता बरीच आहे.

सेवांकडे वळण्याआधी मोजले काय जाते हे समजून घेणे भाग आहे. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, मतपत्रिकेवर मतदाराला सर्वच उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो. आपल्याकडील पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही: पहिल्या पसंतीची मते मोजायची, कोणालाच निम्म्याहून अधिक मिळाली नसतील तर सर्वांत खालच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती ज्याला असेल त्याच्याकडे ती मते वळवायची, आणि कोणीतरी निम्म्यापलीकडे जाईपर्यंत हेच करत राहायचे. आपल्याकडे एका पदवीधर मतदारसंघाची अशी मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. तेथे दीडशे मतदारसंघ आहेत, मतदान सक्तीचे असल्यामुळे दहांपैकी सुमारे नऊ मतदार मत देतात, आणि या मतपत्रिका हातानेच मोजल्या जातात. तरीही त्याच रात्री चित्र स्पष्ट होते, याचे कारण आयोगाने काढलेली एक युक्ती.

प्रत्येक मतदारसंघात शेवटच्या फेरीपर्यंत कोणते दोन उमेदवार टिकतील याचा आयोग आधीच अंदाज बांधतो आणि ती दोन नावे केंद्रप्रमुखांना देतो. मतदारांवर परिणाम होऊ नये म्हणून मतदान संपेपर्यंत ती जाहीर केली जात नाहीत. पहिल्या पसंतीची मोजणी झाली की बाकी सर्व उमेदवारांच्या मतपत्रिका पुन्हा हाती घ्यायच्या आणि त्यांवर त्या दोघांपैकी कोणाला वरचा क्रमांक दिला आहे एवढेच पाहून दोन गठ्ठे करायचे. मधल्या सर्व फेऱ्या टाळून थेट अखेरच्या लढतीचा हा अदमास असतो. आयोगाने निवडलेली दोन नावे बरोबर असतील तर तो विलक्षण अचूक ठरतो. ती चुकली तर त्या मतदारसंघाचे त्या रात्रीचे सगळे आकडे निरुपयोगी होतात आणि नव्या जोडीसाठी मोजणी नव्याने करावी लागते. २०१० मध्ये होबार्ट शहरातील डेनिसन मतदारसंघात अँड्र्यू विल्की हे अपक्ष पहिल्या पसंतीच्या मतांत तिसरे होते, जेमतेम २१ टक्क्यांवर. पण ग्रीन पक्षाच्या उमेदवाराची मते त्यांच्याकडे वळली, ते लिबरल (लेबरसह तेथील दोन मोठ्या पक्षांपैकी एक) उमेदवाराच्या पुढे गेले, मग लिबरल उमेदवाराची मते मिळून लेबरच्याही पुढे गेले आणि निवडून आले. पहिल्या पसंतीचे आकडे पाहून निकाल ठरवण्याची आपली सवय येथे सोडावी लागते, ती यासाठी.

आता टॅली रूम. हे नाव जुन्या प्रथेवरून आले आहे. पूर्वी कॅनबेरात एका मोठ्या सभागृहात मतदारसंघांची नावे लिहिलेला भलामोठा फलक असे, कर्मचारी त्यावर हाताने आकडे बदलत, आणि वाहिन्यांचे निवेदक व पुढारी त्याच्यासमोर बसून बोलत. २०१३ च्या निवडणुकीत ते सभागृह नव्हते. आता उरले आहे ते संकेतस्थळ. ते दिसायला अगदी साधे आहे. तक्ते, दुवे आणि अधूनमधून एखादा स्तंभालेख, बस्स. मात्र त्या तक्त्यांत जे आहे ते इतक्या सहजपणे इतरत्र क्वचितच मिळते. देशभरात मतदानाच्या दिवशी सुमारे सात हजार केंद्रे असतात आणि प्रत्येक केंद्राचे आकडे, पहिल्या पसंतीचे वेगळे आणि अखेरच्या दोघांतले वेगळे, मोजणी होताच दिसू लागतात. सिडनीतील हॅरिस पार्कसारख्या भारतीयांच्या वस्तीत राहून तेथील नागरिक झालेल्या एखाद्या नातेवाइकाने ज्या शाळेत मत दिले, त्या शाळेतील केंद्रावर कोणाला किती मते पडली हे पुण्यातील माणसाला त्याच रात्री पाहता येते.

त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे मतांचे प्रकारानुसार विभाजन. केंद्रावर दिलेली साधी मते, मुदतीपूर्वी दिलेली मते, टपाली मते, स्वतःच्या मतदारसंघाबाहेर असताना दिलेली मते आणि यादीत नाव न सापडल्यामुळे तात्पुरती स्वीकारलेली मते, या सर्वांची मोजणी वेगळी दाखवली जाते. टपाली आणि बाहेरून आलेल्या लिफाफ्यांच्या बाबतीत किती पाठवले, किती परत आले, किती नाकारले आणि किती मोजायचे उरले याचाही तक्ता असतो. निकाल अडला की सगळा खेळ या तक्त्यावर येतो. आघाडी चारशे मतांची आहे हे कळून काही उपयोग नसतो; मोजायचे लिफाफे किती उरले आहेत, ते कोणत्या प्रकारचे आहेत आणि त्या प्रकारची आतापर्यंत मोजलेली मते कोणाच्या बाजूने झुकली आहेत हे कळले तर साध्या गुणाकाराने निकालाचा अंदाज घरी बसून बांधता येतो. टपाली मते मतदानानंतर तेरा दिवसांपर्यंत आली तरी चालतात, फक्त लिफाफ्यावरील सही मतदान संपण्यापूर्वीची असावी लागते. त्यामुळे हा गुणाकार दोन आठवडे रोज नव्याने करता येतो. ज्यांना असल्या गोष्टीत रस वाटतो त्यांच्यासाठी याहून चांगली करमणूक नाही. ज्यांना वाटत नाही त्यांनी या संकेतस्थळाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

आयोग निकाल ‘सांगत’ मात्र कधीच नाही. अटीतटीचे मतदारसंघ एका पानावर काढून ठेवतो, कोणत्या जागा हातच्या जाताना दिसत आहेत तेही दाखवतो, पण अधिकृत घोषणा होईपर्यंत कोणालाही विजयी म्हणत नाही. कायदेशीर जबाबदारी पाहता ते योग्यच आहे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी केवळ टॅली रूम उघडून बसणाऱ्या नवख्याच्या पदरी आकड्यांचा ढीग पडतो आणि सरकार कोणाचे या प्रश्नाचे उत्तर पडत नाही.

ते उत्तर देण्याचे काम एबीसी करते, आणि तीन दशकांहून अधिक काळ त्याचा चेहरा अँटनी ग्रीन हे होते. १९८९ मध्ये ते एबीसीत संशोधक म्हणून आले आणि मे २०२५ च्या निवडणुकीनंतर पडद्यावरून निवृत्त झाले. त्यांनी घडवलेल्या संगणकीय पद्धतीचा गाभा सांगायला सोपा आहे. मोजणी सुरू झाली की सर्वांत आधी लहान ग्रामीण केंद्रांचे आकडे येतात, कारण तेथे मतेच कमी असतात. आणि अशी केंद्रे बहुधा लिबरल-नॅशनल आघाडीच्या बाजूची असतात. एकूण बेरीज पाहणाऱ्याला सुरुवातीला नेहमीच त्या आघाडीची सरशी दिसते. एबीसीचा संगणक बेरीज पाहतच नाही. तो प्रत्येक केंद्राचा आकडा त्याच केंद्राच्या मागील निवडणुकीतील आकड्याशी ताडतो, किती टक्के मते इकडून तिकडे सरकली ते काढतो, आणि तो सरक संपूर्ण मतदारसंघाला लावून अंतिम निकालाचा अंदाज देतो. त्यामुळे दहा टक्के मोजणीवरसुद्धा बरेच काही बोलता येते.

आपल्याकडील निकालाच्या दिवसाशी तुलना केली की यातील फरक डोळ्यांत भरतो. आपल्या वाहिन्यांवर सकाळी आठपासून आघाडी-पिछाडीचे आकडे धावत असतात, आणि पंचवीस फेऱ्यांपैकी तिसऱ्या फेरीत एखादा उमेदवार पुढे आहे याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की त्याच्या भागातील मतदान यंत्रे आधी उघडली गेली. त्याच केंद्रावर मागच्या वेळी काय झाले होते याच्याशी ताडणी कोणी करत नाही. केंद्रनिहाय आकडे ‘फॉर्म २०’मध्ये असतात खरे, पण ते नंतर आणि बहुधा पीडीएफच्या रूपात हाती येतात. २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांचा अमोल कीर्तिकर यांच्यावरचा विजय अवघ्या ४८ मतांचा होता. तेथे शेवटच्या तासात नेमके काय उरले आहे हे प्रकारवार दाखवणारा तक्ता प्रेक्षकासमोर असता तर त्या दिवशीचा गोंधळ बराच आटोक्यात राहिला असता. अर्थात केंद्रनिहाय पारदर्शकतेला आपल्याकडे दुसरी बाजूही आहे. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे उघड झाल्यास मतदारांवर सूड उगवला जाऊ शकतो, या भीतीने आपल्या निवडणूक आयोगानेच अनेक यंत्रांची मते एकत्र करून मोजणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव मांडला होता. ऑस्ट्रेलियात ही भीती नाही म्हणून तेथील आयोग निर्धास्तपणे सर्व काही खुले करतो. त्याचे अनुकरण आपल्याकडे जसेच्या तसे व्हावे असे मी म्हणणार नाही.

दोन्ही सेवांची खरी परीक्षा २ जुलै २०१६ रोजी झाली. पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांच्या लिबरल-नॅशनल सरकारला बहुमतासाठी ७६ जागा हव्या होत्या आणि मोजणी पुढे सरकत गेली तसे बारा-पंधरा मतदारसंघ दोन्हीकडे डोलत राहिले. टर्नबुल मध्यरात्र उलटल्यावर कार्यकर्त्यांसमोर आले आणि आपण सरकार बनवू असे म्हणाले, लेबरचे विरोधी नेते बिल शॉर्टन यांनीही पराभव मान्य केला नव्हता, आणि एबीसीने निकाल दिला नाही. तो न देणे हीच त्या रात्रीची उत्तम कामगिरी होती असे माझे मत आहे. खात्रीच्या जागा एकीकडे, संशयित जागा दुसरीकडे, आणि दोहोंची बेरीज करून कोणालाही ‘सत्तेत’ न बसवणे, हे वाहिनीवर सहा-सात तास सांभाळणे सोपे नसते. प्रेक्षकाला काहीतरी हवे असते आणि सूत्रधारालाही.

पुढचे दोन दिवस, रविवार आणि सोमवार, लोकांच्या रागाचे ठरले, कारण अडलेल्या जागांचा निकाल ज्यावर होता त्या टपाली मतांची मोजणी मंगळवारपर्यंत सुरूच झाली नाही. देशभर विखुरलेले लिफाफे त्यांच्या त्यांच्या मतदारसंघाकडे परत पाठवायचे, सह्या तपासायच्या, एकाच व्यक्तीने दोनदा मत दिलेले नाही याची खातरजमा करायची आणि केंद्रांवरील मोजणी पुन्हा एकदा तपासायची, यात हे दिवस जातात. हे सारे समर्थनीय होते, पण टॅली रूमच्या पानावर त्याचा मागमूस नव्हता. आकडे नुसते थिजलेले दिसत होते. त्या दोन दिवसांत एबीसीच्या पानाने, आणि विल्यम बोव व केव्हिन बॉनम यांच्यासारख्या स्वतंत्र विश्लेषकांनी, काय चालले आहे आणि काय उरले आहे हे समजावून सांगण्याचे काम केले. टपाली मते साधारणपणे लिबरल-नॅशनल आघाडीला अधिक अनुकूल असतात, त्यामुळे ती मोजली जाऊ लागताच पारडे हळूहळू त्या बाजूला झुकले आणि १० जुलैला शॉर्टन यांनी पराभव मान्य केला. शेवटी टर्नबुल यांच्या पदरात नेमक्या ७६ जागा पडल्या, म्हणजे बहुमताला जेवढ्या लागतात तेवढ्याच.

त्या निवडणुकीतील सर्वांत शेवटी सुटलेली गाठ म्हणजे क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिल शहराचा हर्बर्ट मतदारसंघ. पहिली मोजणी संपली तेव्हा लेबरच्या कॅथी ओटूल आठ मतांनी पुढे होत्या. फरक शंभराहून कमी असला की आयोग आपणहून फेरमोजणी करतो, त्यानुसार ती झाली आणि जुलैच्या अखेरीस त्या ३७ मतांनी विजयी घोषित झाल्या. नऊ वर्षांनी सिडनीच्या ब्रॅडफील्ड मतदारसंघात याच आठ आकड्याने उलटा खेळ केला. पहिल्या मोजणीअंती लिबरल पक्षाच्या जिझेल कॅप्टेरियन आठ मतांनी पुढे होत्या आणि फेरमोजणीनंतर, जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, अपक्ष निकोलेट बोएल २६ मतांनी निवडून आल्या. अशा मतदारसंघांत टॅली रूमला पर्याय नाही. एबीसीचा संगणक तेथे ‘अनिश्चित’ एवढेच सांगू शकतो, कारण अंदाजाची चूकच काही शे मतांची असते. मग एकेका मतपत्रिकेचा हिशेब आयोगाच्या तक्त्यातच पाहावा लागतो. मेलबर्नच्या गोल्डस्टीन मतदारसंघात याच निवडणुकीत अपक्ष झोई डॅनियल यांनी मतमोजणीच्या रात्रीच विजयाचा आनंद साजरा केला होता आणि टपाली मतांनी त्यांचा १७५ मतांनी पराभव केला. लिफाफ्यांचा तक्ता त्या रात्रीही जाहीरच होता.

टॅली रूमवर माझा एक गंभीर आक्षेप आहे आणि तो २०१० च्या निवडणुकीशी जोडलेला आहे. २१ ऑगस्टला मतदान झाले आणि ज्युलिया गिलार्ड यांच्या लेबर पक्षाला व टोनी ॲबट यांच्या आघाडीला प्रत्येकी ७२ जागा मिळाल्या. सरकार कोणाचे हे मूठभर अपक्ष आणि एकांडे खासदार ठरवणार होते, त्यामुळे देशभरात दोन मोठ्या पक्षांत मिळून अधिक पसंती कोणाला, या आकड्याला नैतिक वजन आले होते. आणि नेमका तोच आकडा टॅली रूमच्या मुख्य पानावर मोजणी चालू असताना एकदम लेबरकडून ॲबट यांच्याकडे सरकला. एकाही मतदाराने मत बदलले नव्हते. ज्या मतदारसंघांत अखेरची लढत या दोन पक्षांमध्ये नव्हती ते काही मतदारसंघ आयोगाने त्या बेरजेतून तात्पुरते बाजूला काढले होते, एवढेच कारण होते. पुढे त्यांची वेगळी मोजणी होऊन ते पुन्हा मिळवले गेले आणि शेवटी लेबर ५०.१२ टक्क्यांवर राहिला. मात्र दरम्यान ‘आम्हालाच अधिक पसंती’ अशी विधाने दोन्ही बाजूंनी करून झाली होती. ही बेरीज अपूर्ण आहे, तिच्यात अमुक मतदारसंघ धरलेले नाहीत, अशी एक ठळक ओळ त्या आकड्याच्या शेजारी असती तर हा घोळ टळला असता. आकडा खरा असूनही तो दिशाभूल करू शकतो, याची जबाबदारी केवळ वाचकावर टाकून आयोगाला मोकळे होता येणार नाही. ७ सप्टेंबरला टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट या दोघा अपक्षांनी गिलार्ड यांना पाठिंबा दिला, ओकशॉट यांनी त्यासाठी सतरा मिनिटे भाषण करून देशाला ताटकळत ठेवले, आणि ७६ विरुद्ध ७४ असे सरकार उभे राहिले. तो निर्णय संगणकाला सांगता येण्यासारखा नव्हताच.

एबीसीवरचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. तिची पद्धत ‘मागच्या वेळी काय झाले’ या पायावर उभी आहे आणि तो पाया गेल्या काही निवडणुकांत ठिकठिकाणी खचत चालला आहे. मेलबर्नच्या कुयोंग मतदारसंघाचे उदाहरण घ्यावे. २०१९ मध्ये तेथे अखेरची लढत कोषमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग आणि ग्रीन पक्षाचे ज्युलियन बर्नसाइड यांच्यात झाली होती. २०२२ मध्ये ती फ्रायडेनबर्ग आणि अपक्ष मोनिक रायन यांच्यात झाली आणि रायन जिंकल्या. केंद्रनिहाय ताडणी करायला मागचा आकडाच नाही, मग सरक कशावरून काढायचा? शिवाय मुदतीपूर्व मतदानाचे प्रमाण वाढत गेल्यामुळे अवाढव्य केंद्रांची मोजणी रात्री उशिरा येते, आणि मतदारसंघांच्या सीमा बदलल्या की मागील आकडे अंदाजाने नव्याने मांडावे लागतात. २०२५ पूर्वी न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाची प्रत्येकी एक जागा कमी होऊन वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची एक वाढली होती. एबीसीचे विश्लेषक हे सर्व कार्यक्रमात बोलून दाखवतात. निकालपानावर मात्र अंदाजित आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा यांतील भेद घाईत असलेल्या प्रेक्षकाच्या सहज लक्षात येत नाही, आणि आयोगाच्या पानावर वेगळा आकडा दिसला की तो गोंधळून जातो. दोन्ही पाने शेजारी उघडली आणि आकडे जुळले नाहीत, तर चुकलेले बहुधा कोणीच नसते. एकाने उरलेल्या मतांचाही हिशेब धरलेला असतो, दुसऱ्याने धरलेला नसतो.

काही किरकोळ गोष्टी. टॅली रूमवरील वेळा पूर्व ऑस्ट्रेलियाच्या असतात, त्यांतून साडेचार तास वजा करावेत. तक्ते रुंद असल्यामुळे मोबाइलवर आडवे सरकवावे लागतात आणि त्या नादात उमेदवाराचे नाव पडद्याबाहेर जाते; हे काम संगणकावरच करावे. मतदारसंघांची नावे बरीचशी व्यक्तींवरून दिलेली असल्यामुळे गावाच्या नावाने शोधणाऱ्याला काही सापडत नाही. ब्रॅडफील्ड हे नाव सिडनी हार्बर पुलाशी निगडित असलेल्या अभियंत्याचे आहे, हर्बर्ट म्हणजे टाउन्सव्हिल हे आधी माहीत असावे लागते, आणि डेनिसनचे नाव २०१९ पासून क्लार्क झाले आहे. एबीसीच्या पानावर प्रत्येक मतदारसंघाची थोडक्यात ओळख आणि मागील इतिहास दिलेला असतो, तो परदेशी वाचकाला फार उपयोगी पडतो. कार्यक्रम पाहायचा असल्यास एबीसी न्यूजच्या यूट्यूब वाहिनीचा मार्ग आहे. सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या मोजणीकडे त्या रात्री ढुंकूनही पाहू नये. ती आठवडेच्या आठवडे चालते आणि तिचा निकाल अखेरीस संगणकाची कळ दाबल्यावर लागतो. २०१३ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील १,३७० मतपत्रिका फेरमोजणीच्या वेळी गहाळ झाल्याचे उघडकीस आले आणि तेथील सिनेटची निवडणूक एप्रिल २०१४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली, तेव्हा ही यंत्रणा चुकतच नाही असेही समजू नये.

अनिश्चिततेची सवय झालेल्या देशात सरकार कसे पुढे जाते याचे एक उदाहरण आपल्याशी थेट जोडलेले आहे. २१ मे २०२२ च्या रात्री लिबरल पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी पराभव मान्य केला, पण लेबरला स्वबळावर बहुमत मिळेल की नाही हे तेव्हा ठरले नव्हते. तरीही लेबरचे नेते अँथनी अल्बनीज यांनी सोमवारी चार सहकाऱ्यांसह शपथ घेतली, टोकियोचे विमान पकडले आणि मंगळवारी ते क्वाडच्या बैठकीत नरेंद्र मोदी यांच्यासोबत होते. तिकडे न्यू साउथ वेल्सच्या गिलमोर मतदारसंघात मोजणी चालूच होती. लेबरने तो पुढे ३७३ मतांनी राखला आणि पक्षाची संख्या ७७ झाली. भारतीय वृत्तपत्रांत त्या दिवशी ‘ऑस्ट्रेलियाचे नवे पंतप्रधान’ एवढेच छापून आले होते. टॅली रूम पाहणाऱ्याला त्याखालची अधांतरी अवस्था दिसत होती.

जनमत चाचण्यांच्या भरवशावर या सेवा पाहू नयेत, हे वेगळे सांगायला हवे. २०१९ मध्ये सर्व प्रमुख जनमत चाचण्या लेबरच्या बाजूने होत्या, एका सट्टा कंपनीने तर मतदानाच्या आधीच लेबरवर पैसे लावणाऱ्यांना रक्कम चुकती केली होती, आणि मॉरिसन ७७ जागा घेऊन परत आले. त्या रात्री एबीसीच्या पडद्यावर सरक उलट्या दिशेने दिसू लागला तेव्हा अनेकांना संगणकच बिघडला असे वाटले असेल. केंद्रनिहाय ताडणीचा पाया येथे भक्कम होता आणि तिने चाचण्यांना जुमानले नाही.

ज्यांना केवळ निकाल हवा आहे त्यांनी एबीसीचे पान आपल्या दुपारी साडेतीनच्या सुमारास, म्हणजे पर्थची केंद्रे बंद झाल्यावर, उघडावे. त्याआधीचे दोन तास चर्चाच अधिक असते. ज्यांना निकाल कसा घडतो हे पाहायचे आहे त्यांनी दीडला दोन्ही उघडावीत आणि आपल्या पसंतीचे तीन-चार अटीतटीचे मतदारसंघ आधीच निवडून ठेवावेत. पुढची निवडणूक २०२८ मध्ये अपेक्षित आहे, पण सरावासाठी तोवर थांबण्याचे कारण नाही, कारण टॅली रूमवर २००४ पासूनच्या निवडणुकांची सर्व पाने जशीच्या तशी ठेवलेली आहेत आणि आकडे उतरवूनही घेता येतात. डेनिसनचे २०१० चे पसंतीवाटपाचे पान प्रथम उघडावे. तिसऱ्या क्रमांकावरचे विल्की कोणत्या फेरीत, किती मतांनी वर चढले हे त्यात ओळीने दिलेले आहे.